मौनीबाबांचं मेलोडिअन

मौनीबाबा हे काही कुणा साधुपुरुषाचं नाव नव्हे. काचेच्या दुकानात उभं आयुष्य खिडक्यांच्या आणि फोटोंच्या काचा कापण्यात घालवलेल्या एका साध्या गृहस्थांना त्यांच्या बायकोनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठेवलेलं हे नाव. पुढं ते लेकीनं उचललं, जावयानं पाठीमागे उचललं, आणि आपणही उचलू, कारण त्यांना दुसरं काही शोभणारही नाही. माणूस वाईट नव्हता. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्यांना पदरचं काही द्यावं लागल्यासारखं व्हायचं, इतकंच. काचेवर कापायची हिरकणी फिरवताना तिचा आवाज ऐकावा लागतो, ती बारीक करकर एकसारखी आली तरच काच सरळ तुटते. म्हणून गप्प राहायची सवय लागली, असं ते सांगत. बायको म्हणे, "दुकानात ठीक आहे हो. घरी कोणती काच तुटतेय?" यावरही ते काही बोलत नसत.

बायको गेली ती ध्यानीमनी नसताना. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि हसती-बोलती बाई नाहीशी झाली. मागं राहिलं ते तिचं मेलोडिअन. मेलोडिअन म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं भात्याचं वाद्य. उजव्या हाताशी बटणं, आणि डाव्या हातानं भाता ओढायचा आणि दाबायचा. त्याची खोड अशी, की तेच बटण भाता ओढताना एक सूर देतं आणि दाबताना दुसराच. "माहेरी एक, सासरी एक," असं बायको त्याला म्हणायची.

संध्याकाळी दिवे लागले की ती आतल्या खोलीत ते घेऊन बसे. वाजवायची एकच गाणं, आणि तेही अर्धंच. छान लयीत जाता जाता एका ठिकाणी भाता पुरता ताणला जाई, पुढं ओढायला जागा उरत नसे, आणि सूर तुटे. मग 'हुश्श' करून हवा निघून जाई. इतक्या वर्षांत त्या गाण्याचा शेवट त्या घरानं कधी ऐकला नव्हता.

पाहुणे पांगले, लेक तिच्या घरी गेली, आणि त्या पहिल्याच एकट्या संध्याकाळी मौनीबाबा बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले असताना आत मेलोडिअन वाजलं.

त्यांच्या हातातला पेपर खाली पडला. गाणं तेच, हात तोच. सुरुवातीला थोडी घाई करायची, मग जिना उतरल्यासारखं सावकाश व्हायचं, ही तिची लकब तर अगदी जशीच्या तशी. गाणं नेहमीच्या जागी आलं, थांबलं. मग कितीतरी वेळ काहीच नाही. आणि शेवटी, दमलेल्या माणसानं खाली बसावं तसं, 'हुश्श'.

ते आत गेले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. मेलोडिअन कपाटाच्या खालच्या खणात, काळ्या बॅगेत, दोन्ही कड्या लावून ठेवलेलं होतं, तसंच होतं. त्यांनी बॅगेवर हात ठेवला. बॅग थंडगार होती. त्यांनी दिवा चालूच ठेवला आणि बाहेरच्या खोलीतच अंथरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सांगणार कुणाला? लोक म्हणतील, बायको गेली आणि म्हाताऱ्याचं डोकंही सोबत घेऊन गेली. शिवाय सांगायचं म्हणजे बोलावं लागणार. एका रविवारी लेक छोट्या नातीला घेऊन आली आणि गप्पांच्या नादात तिला संध्याकाळ झाली, म्हणून निदान हे गुपित फुटलं. आतून पहिला सूर आला तशी लेक उठून उभी राहिली. तिनं आधी बापाकडं पाहिलं, मग दाराकडं, मग पोरीला उचलून छातीशी धरलं. गाणं थांबेपर्यंत ती हलली नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

मौनीबाबांनी जमिनीकडं पाहिलं.

"बाबा, हद्द झाली तुमची. विकून टाका ते. नाहीतर देऊन टाका कुणाला."

"विकायचं नाही."

लेक रडायला लागली. बापावरचा राग, आईची आठवण आणि भीती, सगळं एकदमच आलं. डोळे पुसून मग ती म्हणाली, "तिचा जीव अडकलाय त्या गाण्यात. जन्मभर कधी पुरं झालं नाही ना ते. कुणीतरी ते पुरं वाजवायला हवं, म्हणजे सुटेल ती."

"कोण वाजवणार?"

"कोण म्हणजे? तुम्ही! तुमच्याशिवाय आहे कोण तिचं? आणि तोवर मी हिला घेऊन संध्याकाळी इथं येणार नाही, आधीच सांगून ठेवते."

साठी ओलांडलेल्या माणसानं, ज्यानं कधी साधी शिट्टी वाजवली नाही, त्यानं मेलोडिअन शिकायचं! पण बायकोनं असं रोज यावं, त्याच जागी अडावं आणि दमून जावं, हे मौनीबाबांना सहन होईना. मेल्यावर तरी बाईला सुख नको का? त्यांनी बॅग उचलली आणि मास्तर शोधायला निघाले.

मास्तर मिळणं सोपं नव्हतं. वाद्यांच्या दुकानातल्या माणसानं बॅग उघडून मेलोडिअन पाहिलं आणि लग्नाचं वय उलटलेल्या मुलीकडं पाहावं तसा चेहरा केला. "काका, हे आता कोण वाजवतं? विजेवरचा कीबोर्ड घ्या, त्यात याचाही आवाज निघतो." हार्मोनियमच्या क्लासमधल्या सरांनी एक बटण ओढून वाजवलं, दाबून वाजवलं, दोन वेगळे सूर निघालेले ऐकले आणि हात जोडले. "हे दुतोंडी जनावर आपल्याला झेपणार नाही. तलावावरच्या बाईंकडं जा. त्या वाजवतात."

तलाव म्हणजे पोहण्याचा. तिथं एक उंच, रुंद खांद्यांच्या बाई होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं होतं. आता त्या निवृत्त झाल्या होत्या, पण तिकिटाच्या खिडकीमागची खोली काही त्यांनी सोडली नव्हती. दुपारी तलाव बंद असला की त्या तिथं मेलोडिअन वाजवत बसत. खोलीला क्लोरीनचा वास, खुंट्यांवर विसरलेल्या टोप्या, फरशी कायम ओली.

"शिकायचंय," मौनीबाबा म्हणाले.

"हे वाद्य कुणाचं?"

"घरचं."

"का शिकायचंय?"

मौनीबाबा बॅगेच्या कड्यांशी चाळा करू लागले. बाईंनी थोडी वाट पाहिली आणि हसल्या. "बरं. पाण्यात पडणारी पोरंही कारण सांगत नाहीत. बसा. सूर तुम्हाला कितपत येतील ते देव जाणे, पण श्वास घ्यायला मी दगडालाही शिकवीन."

आणि खरंच त्यांनी श्वासच शिकवला. मेलोडिअनला डाव्या अंगठ्याखाली एक वेगळं बटण असतं, हवेचं. त्यातून सूर निघत नाही, नुसती हवा आत-बाहेर जाते. नवशिके भाता ताणला जाईपर्यंत थांबतात आणि मग जीव घुसमटल्यावर ते बटण दाबतात. "तसं नाही करायचं," बाई म्हणत. "दम संपल्यावर श्वास घेतो तो बुडतो. सूर चालू असतानाच, दाबायच्या बाजूला, अंगठा हळूच टेकवायचा. गाणं चालू राहतं आणि भाता गुपचूप मिटून येतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागता कामा नये."

मौनीबाबांची बोटं काचेच्या कामात मुरलेली, पण मेलोडिअनवर ती लाकडासारखी पडत. ओढायचं तिथं दाबत, दाबायचं तिथं ओढत, आणि भलताच सूर कोकलून उठे. बाई कपाळावर हात मारत. "अहो, तुम्ही पुढचं मागे आणि मागचं पुढं करताय! संसारात बायकोनं कसं सांभाळलं तुम्हाला?" मौनीबाबा खाली मान घालून पुन्हा सुरू करत. हळूहळू एक-दोन सोपी गाणी बसली. अंगठा शहाणा झाला.

बायकोचं गाणं मात्र त्यांनी बाईंपुढं काढलं नाही. ते घरी, दुपारून दुकानातून लवकर येऊन, खिडक्या लावून ते चाचपडत बसवू लागले. कानात ते इतकं भिनलेलं होतं की बोटांना फक्त वाट शोधायची होती. आणि इथं एक गोष्ट घडू लागली, जी त्यांनी लेकीलाही सांगितली नाही.

दुपारी ते ज्या ठिकाणी चुकत, संध्याकाळी बंद बॅगेतलं मेलोडिअन त्या ठिकाणी सावकाश होई. तेवढाच तुकडा दोनदा वाजे, सुटा सुटा. एखाद्या मुलाला आई गणित समजावते तसा. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो तुकडा बरोबर वाजवला, आणि त्या संध्याकाळी आतलं गाणं असं काही खुशीत धावलं की मौनीबाबा अंधारात एकटेच हसले. नंतर घाबरलेही, कारण हसताना त्यांना ओळखीचा तेलाचा वास आला, तिच्या केसांचा. अगदी खांद्यामागून आला. त्यांनी वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं तर वास जाईल, ही भीती आता दुसऱ्या भीतीपेक्षा मोठी झाली होती.

दुकानात कुणी काम घेऊन उशिरा आलं की ते चक्क "उद्या" म्हणून शटर ओढत. अंथरूण पुन्हा आतल्या खोलीत गेलं. लेक फोनवर विचारी, "झालं का हो पुरं?" ते म्हणत, "होतंय." खोटं नव्हतं ते. पण त्या अडण्याच्या जागेपर्यंत गाणं केव्हाच बसलं होतं, आणि पुढं काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. शेवट कुणी ऐकला होता? तो विचारायला बाईंकडं जायचं, तर पाय जड होत. शेवट आला की ती जाणार. मग घरात राहणार कोण? नुसते मौनीबाबा!

शेवटी नातीच्या वाढदिवसाचा विषय निघाला. लेक म्हणाली, "आजोबांकडं करू म्हणतेय ती. काय सांगू तिला?" मौनीबाबांना स्वतःची लाज वाटली. मेलेल्या बायकोला डांबून ठेवायचं आणि जिवंत नातीला दाराबाहेर ठेवायचं, हा कुठला न्याय? दुसऱ्या दुपारी ते तलावावर गेले, बॅग उघडली आणि न बोलता ते गाणं वाजवलं. त्या जागेपर्यंत आले आणि थांबले.

"पुढचं येत नाही," ते म्हणाले. "शेवट शिकवा."

बाई त्यांच्याकडं टक लावून बघत होत्या. आणि एकदम त्या मोठ्यानं हसायला लागल्या.

"म्हणजे ते मौनीबाबा तुम्हीच की काय!"

मौनीबाबांचा चेहरा उतरला.

"अहो, हेच गाणं घेऊन एक बाई आल्या होत्या माझ्याकडं. खूप वर्षं झाली. पोरीला पोहायला सोडायच्या आणि या बाकावर बसायच्या. मला म्हणाल्या, इथं माझी हवा संपते. मी अंगठ्याची युक्ती दाखवली, शेवट दाखवला. अर्ध्या तासात बाईनं गाणं असं गुळगुळीत वाजवलं, की मीच बघत राहिले! म्हटलं, आता रोज वाजवा घरी पुरं. तर म्हणाल्या, छे, पुरं नाही वाजवायची."

"का?" मौनीबाबांचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला नाही.

"मीही तेच विचारलं. तर म्हणाल्या, आमचे हे दिवसभर तोंड उघडत नाहीत. पण मी तिथं अडले की बाहेरच्या खोलीतून विचारतात, 'अडलं का गं?' मग मी म्हणते 'अडलं हो', आणि तेवढ्या धाग्यावर दोन गोष्टी बोलून होतात. गाणं पुरं झालं तर ते कशाला विचारतील? असं म्हणून त्या हसल्या आणि मीही हसले. आमचे मौनीबाबा, मौनीबाबा करत होत्या सारख्या. कशा आहेत त्या?"

खोलीत नळाचं पाणी ठिबकत होतं. मौनीबाबांनी मेलोडिअन बॅगेत ठेवून कड्या लावल्या, एक निसटली, पुन्हा लावली.

"गेली," ते म्हणाले. "थंडीत."

बाईंचं हसू तोंडातच राहिलं. "अहो, मग एवढ्या दिवसांत बोलायचं नाही का?" त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यांनी जीभ चावली. शेवट शिकायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

घरी जाताना मौनीबाबांना ते सगळं ऐकू येत होतं. 'अडलं का गं?' खरंच, रोज विचारत होते ते. पेपरातून मान वर न करता, आवाज जरा चढवून. आणि आतून 'अडलं हो!' आणि मग शेजारणीचं भांडण, लेकीच्या शाळेतली बाई, दुधात पाणी. ते हुं हुं करत, कधी दोन शब्द टाकत. त्यांना वाटे, बायकोला बिचारीला गाणं जमत नाही, म्हणून आपण चौकशी करतो. केवढे उदार आपण! आणि ती जमत असलेलं गाणं रोज मोडून, त्यांच्या तोंडून तीन शब्द यावेत म्हणून तिथं बसून राहायची. आणि मेल्यावरही येऊन बसली होती. ती गेल्यापासून त्यांनी एकदाही ते विचारलं नव्हतं. भीतीनं दातखीळ बसली होती त्यांची.

आता तुम्ही म्हणाल, त्याच संध्याकाळी विचारलं असेल. नाही विचारलं. एवढं सोपं असतं तर काय हवं होतं? गाणं वाजलं, त्या जागी थांबलं, आणि मौनीबाबा तोंड मिटून बसून राहिले. आता भीतीनं नव्हे, जाणूनबुजून. विचारलं की तिचं काम होणार, आणि काम झालेलं माणूस कशाला थांबेल? नाही विचारलं तर उद्या पुन्हा येईल. परवाही येईल. आयुष्यभर न बोलून तिला झुरवलं, तेच आता तिला धरून ठेवायच्या कामी येत होतं. हे त्यांना कळत होतं. कळत असूनही ते किती तरी संध्याकाळी तसेच बसले. असा स्वार्थ माणूस आपल्याच माणसाशी करतो, परक्याशी करायला तो धजत नाही.

पण आतलं वाजणं बदललं. घाई नाहीशी झाली. गाणं कसंबसं त्या जागेपर्यंत येई आणि मग ती वाट पाहण्याची वेळ लांबत जाई. घरातलं घड्याळ, नळ, रस्त्यावरचा आवाज, सगळं जणू श्वास धरून बसे. 'हुश्श' अगदी बारीक येई. आणि एका संध्याकाळी ते आलंच नाही. गाणं थांबलं आणि काळोख पडून गेला तरी भाता मिटला नाही. ताणलेला, पुरता उघडलेला, दम कोंडलेला असा तो आत कुठंतरी तसाच होता. मौनीबाबांच्या स्वतःच्या छातीत कळ उठली. श्वास घेता येईना. दाराच्या पलीकडं ती ते ओझं हातात धरून बसलीय, खाली ठेवत नाही, आणि आपण तिला तसंच बसवलंय, एवढंच त्यांना कळत होतं.

"अडलं का गं?" ते म्हणाले.

आवाज फाटला. कितीतरी दिवसांत तो त्या घरात असा चढवलाच नव्हता. त्यांनी पुन्हा, नीट, पूर्वी म्हणत तसं म्हटलं, "अगं, अडलं का?" आणि मग त्यांना थांबता येईना. "मी ऐकत होतो गं. रोज ऐकत होतो. पेपर नुसता धरायचो मी हातात. तू थांबलीस की मलाही बरं वाटायचं. मला बोलायला काही सुचायचं नाही, तू अडलीस की सुचायचं. सांगायचं राहून गेलं. तू फार छान वाजवायचीस."

आत भाता हळूच मिटत आला, अंगठा टेकवून मिटवतात तसा, कुणाला पत्ता लागणार नाही असा. आणि गाणं पुढं गेलं.

मौनीबाबांनी त्या गाण्याचा शेवट पहिल्यांदा ऐकला. फार मोठा नव्हता तो. चार-पाच वळणं घेऊन गाणं पहिल्याच सुरावर परत आलं, तिथं क्षणभर टेकलं आणि संपलं. घाई न करता, न अडखळता, एकदम सफाईदार. एवढं सुंदर तिला येत होतं, आणि त्यांच्या तीन शब्दांसाठी तिनं ते जन्मभर मोडून ठेवलं होतं.

त्यांनी दिवा लावला. मग उठून आतल्या खोलीत गेले. बॅग कपाटात होती, कड्या लावलेल्या. तेलाचा वास नव्हता. खोली नुसती खोली होती, भिंती, पलंग, कपाट. ते दारातच उभे राहिले, आणि आत कुणी अजून अडलं असेल तर, या आशेनं त्यांनी पुन्हा विचारलं, "अडलं का गं?" मग थोडं मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं.